सहवारसांमधला प्रतिकूल ताबा

खातेदार मृत्युपत्र न करता वारला, जमीन सगळ्या वारसांची झाली, पण कसत राहिला एकच जण आणि वीस-तीस वर्षांनी तो किंवा त्याची मुलं म्हणायला लागली की आता ही फक्त आमचीच, अशा दाव्याला हे नाव आहे. कागदोपत्री 'विरुद्ध कब्जा' असंही लिहितात, वकील सरळ 'अॅडव्हर्स पझेशन' म्हणतात आणि गावात 'बारा वर्षांची वहिवाट'. इथे भारतातल्या, मुख्यतः महाराष्ट्रातल्या शेतजमिनीपुरताच विचार केलाय.

कल्पना नेमकी कुठून आली यावर एकमत नाही. इंग्रजांच्या मुदतीच्या कायद्यातून (दावा किती वर्षांत लावायचा हे ठरवणारा कायदा) ती आपल्याकडे आली असं सर्रास सांगतात, पण याज्ञवल्क्यस्मृतीत (२.२४) मालकाच्या डोळ्यादेखत दुसरा जमीन भोगत असेल आणि मालक गप्प बसला तर वीस वर्षांनी भूमीची 'हानि' होते असं वचन आहेच, इतर धनाला मुदत दहा वर्षं. (स्मृतीचा काळ धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे इ.स.पू. १०० ते इ.स. ३०० धरतात, अलीकडचे अभ्यासक चौथ्या-पाचव्या शतकाकडे झुकतात.) खरा वाद 'हानि' कशाची यावर आहे. काही टीकाकार मालकीच जाते म्हणतात, काहींच्या मते फक्त दावा लावायचा हक्क जातो, आणि विज्ञानेश्वर याच स्मृतीवरच्या मिताक्षरा या टीकेत सांगतो की जातं ते उत्पन्न, जमीन नाही. भोगाला आगम म्हणजे मूळ हक्क लागतो हा स्मृतींचा एकूण सूर बघता विज्ञानेश्वराचं म्हणणं जास्त पटतं. आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं वचन मात्र कात्यायन या स्मृतिकाराच्या नावावर सांगितलं जातं : सनाभि (जवळचे रक्ताचे नातलग), बांधव आणि स्वजन यांनी भोगलं म्हणून हक्क सिद्ध होत नाही. म्हणजे घरातल्याच्या ताब्याला वेगळं माप, हे तेव्हाही होतं.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात १८२७ च्या पाचव्या रेग्युलेशनने मालक म्हणून तीस वर्षांहून जास्त अखंड ताबा असेल तर तो हक्काचा पुरावा मानला, पुढे १८५९ च्या मुदत कायद्यात स्थावराच्या दाव्याला १२ वर्षं आली आणि १८७१, १८७७, १९०८ करत ती आजच्या १९६३ च्या कायद्यात टिकली. अनुच्छेद ६५ प्रमाणे ताबा प्रतिकूल झाल्यापासून १२ वर्षं, आणि कलम २७ मुळे मुदत संपली की नुसता दावा नाही तर मालकीच संपते.

आता गावात जो घोळ होतो तो इथेच होतो, कारण बारा वर्षं ताब्याच्या पहिल्या दिवसापासून मोजली जातात असं लोक धरून चालतात. सहवारसाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने आहे असं कायदा मानतो. सिलोनहून (आजची श्रीलंका) आलेल्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने (१९१२ साली छापलेला निकाल), हे सांगितलं, सुप्रीम कोर्टाने पी. लक्ष्मी रेड्डी प्रकरणात (१९५७) तेच धरलं, आणि करबलाई बेगम प्रकरणात (१९८०) नुसतं उत्पन्नात वाटा घेतला नाही म्हणजे हक्क गेला असं होत नाही हेही म्हटलं. इतरांची 'बेदखली' झाली पाहिजे, म्हणजे तुझा हिस्सा नाहीच असं उघड सांगणं, ते दुसऱ्याला कळणं आणि त्यानंतर सलग १२ वर्षं एकट्याचा मालक म्हणून वागणं. बहिणीने वाटपाची नोटीस दिली, भावाने तुझा काही संबंध नाही असं लेखी उत्तर दिलं आणि ती पुढे गप्प राहिली, तर घड्याळ तिथून चालू होतं. ती सासरी राहते, धान्य मागत नाही, एवढ्यावर ते चालू होत नाही, आणि हे प्रत्येक मुलीला माहीत असायलाच हवं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्याला त्याच मुदत कायद्याचा अनुच्छेद ११० लागतो, तिथेही १२ वर्षं वगळल्याचं कळल्यापासूनच.

सातबाऱ्यावर एकाचंच नाव असणं हा दुसरा गैरसमज. पूर्वी मोठ्या भावाचं नाव 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लावायचे, ती अक्षरं पुढच्या फेरफारात कधी गळाली तरी बाकीच्यांचा हिस्सा गळत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ ने नोंद खरी धरली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंतच, मालकी फेरफाराने मिळत नाही. पीकपाहणीला नाव लागलं तर त्यातून फार तर कसत कोण होतं ते कळतं. हक्क खरोखर सोडायचा असेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र लागतं, तोंडी 'घे तूच' पुरत नाही.

अलीकडे २००८ मध्ये हेमाजी वाघाजी जाट प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हा कायदाच अतार्किक म्हटला आणि सरकारने फेरविचार करावा असं सुचवलं, २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात ताबेदाराला वादी म्हणूनही हा हक्क मागता येतो असं ठरलं, आणि विधी आयोगाच्या २०२३ च्या २८० व्या अहवालाने मुदत बदलायची शिफारस केली नाही.