मंगलाचं पाणी, अमीनचा हुकूम आणि केळीचा बॉक्स

मे महिन्यात अमळनेरजवळच्या एका खेड्यात लग्नाला गेलो होतो. पंगतीत वरण-बट्टी वाढून झालेली आणि शेजारी सुरतहून आलेले एक लांबचे मामा बसलेले. लिंबायतला राहतात, आयुष्य लूमवर काढलं. बोलता बोलता विषय सुरतवर गेला, की आपले खानदेशी लोक एवढे तिकडे गेले, लिंबायत-उधना-डिंडोली आपल्याच माणसांनी भरलंय, पण कारखान्याचे मालक कोण? आणि मामा अगदी शांतपणे म्हणाले, "त्यास्ना रंगतमाच धंदा शे भो, आपला रंगतमा नई." म्हणजे त्यांच्या रक्तातच धंदा आहे, आपल्या रक्तात नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. शिकलेल्या पोरांनीही. मला ते वाक्य फार लागलं कारण ते बोलणारा माणूस रात्रपाळ्या करून तीन मुलं शिकवलेला माणूस आहे, आणि तो स्वतःच्या रक्तालाच दोष देतोय. पंगतीत बोलता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सुरतची उलगड करायला आधी जरा लांब जावं लागेल, इंग्लंडला. तिथे "रक्तात धंदा" वाली चर्चा गेली पन्नास वर्षं चालू आहे, आणि तिथे आकडे नीट ठेवलेले असतात.

इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे साधारण १८.६ लाख आणि पाकिस्तानी वंशाचे साधारण १५.९ लाख लोक नोंदले गेले. दोघांचे आजोबा-पणजोबा एकाच ब्रिटिश इंडियातले, रंग तोच, शेजारी भाषा, आणि गोऱ्या घरमालकांनी दोघांनाही सारखंच दारातून परत पाठवलेलं. पण आज बघा. २०१८ च्या सरकारी आकड्यांत भारतीय वंशाची ७४ टक्के कुटुंबं स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात, पाकिस्तानी वंशाची ५८ टक्के, आणि गोरे ब्रिटिश ६८ टक्के. म्हणजे भारतीय वंशाचे लोक गोऱ्यांच्याही पुढे. पगाराचंही तसंच, त्याच वर्षी भारतीय वंशाच्या कामगाराचा मधला पगार तासाला १३.४७ पौंड आणि गोऱ्या ब्रिटिशाचा १२.०३, पाकिस्तानी वंशाचा या दोघांच्याही खाली.

असे आकडे आपल्याकडे व्हॉट्सअपवर आले की लगेच छाती फुगते, बघा आपले लोक! आणि खाली धर्मावरून चार ओळी. मला हे बघून वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट याच्यापेक्षा कितीतरी जास्त इंटरेस्टिंग आहे.

आता केळीकडे येऊ. रावेर-सावद्याकडे केळीचा एक्स्पोर्टचा माल कसा भरतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे पटकन कळेल. घड कापून खांद्यावर गादी ठेवून जपून आणतात, फण्या सोडवतात, तुरटीच्या पाण्याच्या टाकीत चीक धुतात, आणि मग बाया एकेक फणी हातात घेऊन बघतात. डाग आहे, बाजूला. जोडकेळ, बाजूला. लांबी कमी, बाजूला. उरलेला माल १३ किलोच्या आसपासच्या बॉक्समध्ये भरून कंटेनरने आखाती देशात जातो, आणि बाजूला काढलेला इथल्या बाजारात किंवा वेफर्सवाल्याकडे. आता दुबईतला माणूस तो बॉक्स उघडून म्हणाला की रावेरच्या जमिनीत डाग नसलेलीच केळी उगवतात, तर? त्याच्यासमोर बॉक्स आहे, बाग नाही. मधे चाळणी लागलीय हे त्याला दिसतच नाही. स्थलांतरित समाज म्हणजे असा बॉक्स. अर्थशास्त्रात याला निवड म्हणतात, आणि मला वाटतं समाजांबद्दल बोलताना ही एकच कल्पना डोक्यात पक्की बसली तरी निम्मे वाद मिटतील.

चाळणी किती जबरदस्त काम करते ते आकड्यात बघू, थोडं गणित आहे पण सोडू नका. समजा एका तालुक्यात दहावीच्या मार्कांची सरासरी ६० आहे आणि मार्क घंटेच्या आकाराच्या वक्रासारखे पसरलेत, म्हणजे मधे गर्दी आणि दोन्ही टोकांना विरळ. प्रमाण विचलन, म्हणजे मार्क सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप, धरा १२. आता एका देशाने सांगितलं की ७२ च्या वर मार्क असतील तरच या. शंभरातली साधारण १६ पोरं पात्र होतात आणि त्या १६ जणांची सरासरी निघते ७८. दुसऱ्या देशाने अट ८४ ची ठेवली. आता शंभरात जेमतेम दोन-तीन पोरं, आणि त्यांची सरासरी ८८ च्या वर. तिसऱ्या ठिकाणी मार्क विचारलेच नाहीत, नदीकाठचं अख्खं गाव उठवून नेलं, तर सरासरी ६० ची ६०. तालुका तोच, पाणी तेच, रक्त तेच, तरी तीन देशांत तीन वेगवेगळे "समाज" तयार झाले, आणि तिथला पेपरवाला लिहिणार की हे लोक हुशार, ते लोक मठ्ठ.

बरं, चाळणी फक्त सरकारच लावतं असं नाही, माणसं स्वतःच गाळली जातात. १९५१ मध्ये रॉय नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने एक सुंदर उदाहरण घेतलं, एका गावात दोनच धंदे, ससे पकडणं आणि ट्राऊट मासे पकडणं. ससा मूर्ख प्राणी, कोणीही पकडतो, त्यामुळे चांगल्या आणि साध्या शिकाऱ्याच्या कमाईत फार फरक नाही. ट्राऊट चलाख, तिथे कसबी माणूस खूप कमावतो आणि कच्चा उपाशी राहतो. मग कसबी माणूस आपोआप माशांकडे जातो. १९८७ मध्ये बोर्हास यांनी हेच देशांना लावलं. ज्या देशात कौशल्याला मिळणाऱ्या मोबदल्यात फरक कमी तिथून कौशल्यवाले लोक फरक जास्त असलेल्या देशाकडे सरकतात, आणि उलट असेल तर खालच्या थरातले निघतात, म्हणजे निवडीला दिशा असते, वर किंवा खाली, आणि ती दोन्ही देशांतल्या कमाईच्या पसाऱ्यावर ठरते, शिवाय एकाच्या कौशल्याचं दुसरीकडे किती मोल होतं त्यावरही. हे एकदा वाचून डोक्यात नाही शिरलं तर पुढे जा, बॉक्स आणि बाग एवढं लक्षात असलं तरी चालेल.

आता इंग्लंडच्या या दोन समाजांची चाळणी कुठे लागली ते बघू, इथे गोष्ट खरी रंगते, कारण दोन्हीकडे मोठ्या संख्येने माणसं जबरदस्तीने उठवली गेली.

पाकिस्तानी वंशाच्या ब्रिटिशांचा मोठा भाग मीरपूरचा, म्हणजे पाकव्याप्त काश्मीरचा. १९६० चा सिंधू पाणीवाटप करार झाला आणि झेलम नदीवर १९६१ ते १९६७ मध्ये मंगला धरण बांधलं. २८० च्या आसपास गावं पाण्याखाली गेली, एक लाखाहून जास्त माणसं उठली, जुनं मीरपूर शहरच बुडालं. पाणी उतरतं तेव्हा तिथली जुनी मंदिरं आणि दर्गे अजून वर येतात. आपल्याकडे तापीवरच्या उकाई धरणाच्या पाण्यात ज्यांच्या नातेवाईकांची गावं गेली त्यांना हे वेगळं सांगायला नको. मीरपूरची काही माणसं आधीपासून इंग्रजांच्या जहाजांवर कोळसा ओढत होती, ती इंग्लंडात स्थिरावली होती, त्यांच्या मागोमाग व्हाउचर, म्हणजे कामासाठी यायचा सरकारी परवाना, घेऊन भाऊ, पुतणे, मेहुणे गेले. चाळणी होती ओळखीची. कोरडवाहू शेतीवाला, फारसा न शिकलेला तरुण ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरणीत रात्रपाळीला उभा राहिला, आजूबाजूला सगळे गावचेच त्यामुळे इंग्रजी न येता काम चाललं. आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात त्या गिरण्याच बंद पडल्या. अमळनेरच्या माणसाला हे कळेल, प्रताप मिलचा भोंगा थांबल्यावर ज्यांना दुसरं काहीच येत नव्हतं त्यांच्या घरात काय झालं ते आपण बघितलंय.

भारतीय वंशाच्या ब्रिटिशांत बरेच प्रवाह आहेत, पंजाबचे शीख, सरकारी दवाखान्यांसाठी बोलावलेले डॉक्टर, नंतरचे आयटीवाले. पण मला सांगायचंय ते पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती लोकांबद्दल. ४ ऑगस्ट १९७२ ला युगांडाच्या इदी अमीनने जाहीर केलं, ९० दिवसांत देश सोडा. दुकानं, घरं, जिनिंगचे कारखाने सगळं सोडून माणसं निघाली, बरोबर ५०-५५ पौंड न्यायची परवानगी, विमानतळाच्या रस्त्यावर सैनिक बायकांच्या बांगड्या काढून घेत होते. साधारण २८,००० लोक ब्रिटनला पोचले. इंग्लंडातल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका.

म्हणजे खिसा दोघांचाही रिकामा. मग फरक कुठे? अमीनच्या हुकुमात चाळणी नव्हती, त्याने सगळ्यांना काढलं. चाळणी लागली होती त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी, जेव्हा गुजरातच्या गावांतून शिडाच्या जहाजात बसून मोंबासाला जायची हिंमत, थोडं भांडवल आणि तिकडे उधारीवर माल देणारा कोणीतरी, असे तिन्ही असलेले लोक निघाले. मोंबासापासून किसुमूपर्यंतची रेल्वे १९०१ मध्ये पूर्ण झाली, ती बांधायला ३०,००० हून जास्त मजूर इथूनच नेले होते, त्यातले बहुतेक परत आले. व्यापारी मात्र रेल्वेमागे आत आत गेले आणि दुकानं टाकली. तिकडच्या स्वाहिली भाषेत आजही दुकानाला "दुका" म्हणतात, आपल्या "दुकान" शब्दाचाच भाऊ. नंतरच्या दोन पिढ्या हिशेब लिहिण्यात, बँकेशी बोलण्यात, इंग्रजी शाळेत गेल्या. म्हणजे सैनिकांनी बांगड्या काढून घेतल्या पण वही लिहिता येणं, कर्ज कसं मागायचं ते माहीत असणं हे काढून घेता येत नाही. मीरपूरच्या शेतकऱ्याचं कौशल्य त्याच्या जमिनीत होतं, आणि जमीन पाण्याखाली.

आणि हे लोक आल्या आल्या श्रीमंत झाले असंही समजू नका. १९७४ मध्ये लेस्टरच्या टाइपरायटर कारखान्यात संप केला तो याच लोकांनी, कमी पगार आणि भेदभावाविरुद्ध. लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कंपनीतल्या १९७६ च्या संपाचं नेतृत्व करणाऱ्या जयाबेन देसाई टांझानियाहून आलेल्या गुजराती, साडी नेसून दोन वर्षं गेटवर उभ्या राहिल्या. सुरुवात तिथूनच झाली, फक्त वर चढायची शिडी त्यांना ओळखीची होती.

कोणी म्हणेल की भेदभावाचं काय? तो आहेच. २००९ च्या एका सरकारी प्रयोगात सारखेच अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले, तर गोऱ्या नावाला ९ अर्जांत एक होकार आणि अल्पसंख्याक नावाला १६ अर्जांत. याचा मार सगळ्यांनाच बसतो. घरात कमावणारे किती, बायका बाहेर काम करतात का, याचाही कुटुंबाच्या उत्पन्नात मोठा वाटा आहे आणि तिथे पाकिस्तानी कुटुंबं मागे आहेत.

पण रक्ताचा किंवा धर्माचा मुद्दा मात्र एका तुलनेत निकालात निघतो. अटलांटिकच्या पलीकडे बघा. अमेरिकेने १९६५ मध्ये कायदा बदलला आणि डॉक्टर-इंजिनियर लोकांना दार उघडलं, तिथे पाकिस्तानातून गेले ते लाहोर-कराचीचे शिकलेले. आज अमेरिकेतल्या पाकिस्तानी वंशाच्या प्रौढांत निम्म्याहून जास्त पदवीधर आहेत, अमेरिकेच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. देश तोच, धर्म तोच, चाळणी वेगळी. अमेरिकेतल्या भारतीयांवर तर भरपूर चाळण्या लागल्यात, आधी इथल्या प्रवेश परीक्षा, मग व्हिसा, त्यामुळे त्यांच्याकडे बघून "भारतीय मेंदू" वगैरे म्हणणं म्हणजे दुबईतल्या माणसाने बॉक्स बघून रावेरची जमीन मोजण्यासारखं आहे.

याच रक्ताच्या समजुतीवर आता धंदे चालतात. आमच्या भागात एका शाळेत मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन "तुमचं मूल उद्योजक होणार की नोकरदार" असा रंगीत रिपोर्ट विकून गेले लोक, माझ्या भाच्याच्या रिपोर्टमध्ये व्यापारी वृत्ती कमी निघाली. बहिणीने तो रिपोर्ट कपाटात जपून ठेवलाय आणि पोरगं अकरा वर्षांचं आहे. बोटांचे ठसे आईच्या पोटातच, जन्माच्या कित्येक महिने आधी तयार होतात आणि त्यांच्यावरून धंद्याची अक्कल मोजायची कुठलीही खात्रीची पद्धत नाही. पैसे गेले ते गेले, पण त्या पोराच्या डोक्यात ते बसलंय त्याचं काय करायचं?

आणि चाळणीचा परिणाम कायमचा राहत नाही हे सांगायला पाहिजे. पूर्व लंडनमधले बांगलादेशी वंशाचे लोक बहुतेक सिल्हेटच्या खेड्यांतले, पाकिस्तानी वंशाच्या लोकांसारखेच गरीब. पण त्यांची मुलं आता इंग्लंडच्या दहावीच्या परीक्षेत गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या सरासरीच्या पुढे गेली आहेत. आजोबा कोणत्या दाराने आले ते बदललं नाही, पण नातवंडं लंडनमध्ये वाढली, जिथे कामं आहेत आणि शाळा सुधारल्या. ब्रॅडफर्डच्या नातवाला ते मिळालं नाही.

परवा मी मामांना फोन केला, रक्ताबिक्ताचं काही बोललो नाही, एवढंच विचारलं की तुम्ही सुरतला पहिल्यांदा गेलात कसे. ते म्हणाले, "कसं म्हणजे? मेहुण्याने निरोप धाडला की एक पाळी खाली आहे, लूम शिकवतो, ये. दुसऱ्या दिवशी भुसावळ-सुरत पॅसेंजर पकडली. त्याच्याकडे दुसरं काही असतं तर तेच शिकलो असतो."