एम.एड.चा अर्ज करताय? नोकरीतल्या शिक्षकांचं घोडं अडतं कुठे

एम.एड. म्हणजे शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. तिची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा दिली, गुण आले, आणि आता यादी लागेल म्हणून अनेक शिक्षक वाट बघत बसतात. यादीत नाव येतच नाही, कारण प्रवेशाचा अर्ज केलेलाच नसतो. ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलकडे नोंदणी दोनदा करावी लागते. पहिली परीक्षेसाठी, दुसरी निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश फेरीसाठी, म्हणजे कॅपसाठी. दुसऱ्या नोंदणीचं शुल्क वेगळं आणि मुदतही वेगळी. ती नेमकी शाळा सुरू व्हायच्या गडबडीच्या आसपास येते आणि निसटते. परीक्षा झाल्यावरही सीईटी सेलचं संकेतस्थळ आठवड्यातून दोनदा तरी उघडून बघा.

आधी ही पदवी कशासाठी आहे ते पाहू. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीनुसार एम.एड. हा शिक्षक-प्रशिक्षक, अभ्यासक्रम तयार करणारे, शैक्षणिक नियोजनकार, प्रशासक, पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक घडवणारा दोन वर्षांचा, 80 श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम आहे. अभ्यासक्रम व मूल्यमापन, किंवा शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासन असं विशेष क्षेत्र त्यात घेता येतं. राज्यात 2025-26 मध्ये पहिलीपासून नवा अभ्यासक्रम आला. तो शाळेत उतरवायचा तर वर्गनिरीक्षणानंतर शिक्षकाशी काय बोलायचं, घटक नियोजन कसं तपासायचं, हे मुख्याध्यापकाला यायलाच हवं. त्यासाठी हे शिक्षण मोलाचं आहे.

पण एम.एड. झालं की मुख्याध्यापकपद मिळतं, हा समज काढून टाका. खाजगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत माध्यमिक मुख्याध्यापकासाठी पदवी, बी.एड. आणि पदवीनंतरचा पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापन अनुभव मागितला आहे. त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची हवीत. पद ज्येष्ठतेनं भरलं जातं. एम.एड.ची अट तिथे नाही.

आता सगळ्यात मोठा अडसर. हा अभ्यासक्रम नियमित आहे. वर्षाला किमान 200 दिवस, तासिका व प्रात्यक्षिकांना 80 टक्के आणि क्षेत्रकार्याला 90 टक्के हजेरी. ‘फक्त शनिवार-रविवार या, बाकीचं आम्ही बघतो’ असं कुणी सांगितलं तर पैसे भरू नका. त्याच दिवशी शाळेच्या हजेरीपटावर सही आणि महाविद्यालयाच्या हजेरीपटावरही सही, हे कधीतरी कागदावर समोरासमोर येतं. मग पदवीही जाते आणि नोकरीवरही बालंट येतं.

म्हणून रजेचं आधी बघा. ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे रजा मंजुरी नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ना हरकत पत्रानं शिकायची परवानगी मिळते, गैरहजेरीला संरक्षण मिळत नाही. शासकीय रजा नियमांत अध्ययन रजेसाठी साधारण पाच वर्षांची सेवा लागते, आणि संपूर्ण सेवेत मिळून ती 24 महिन्यांपर्यंतच मिळते. परतल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचा बंधपत्र द्यावा लागतो. जिल्हा परिषद शिक्षकाचा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशा टप्प्यांनी जिल्ह्याला जातो. प्रत्येक टेबलावर फाईल थांबते. तिला पाय फुटत नाहीत, म्हणून आवक क्रमांक लिहून घ्या आणि त्याच क्रमांकानं पाठपुरावा करा. संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापकाचं पत्र पुरत नाही, नियुक्ती करणाऱ्या संस्थेचं घ्या. कॅपची यादी लागल्यावर ही धावपळ सुरू केली तर वेळ उरत नाही.

पात्रता सोपी आहे: बी.एड., बी.ए.बी.एड., बी.एस्सी.बी.एड. किंवा बी.एल.एड.ला किमान 50 टक्के. डी.एड. किंवा डी.एल.एड.वाल्यांना पदवीही हवी, आणि दोन्हींत 50 टक्के. मागासवर्गीयांना शासन नियमानुसार सवलत आहे. गुणपत्रिकेवर टक्के नसून श्रेणी असेल तर मागच्या बाजूला रूपांतराचं सूत्र बघा. तिथे नसेल तर विद्यापीठाकडून तसं प्रमाणपत्र घ्या. स्वतः गुणाकार करून आकडा भरू नका.

बरेच अर्ज अडतात ते नॉन-क्रीमीलेयरवर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्रावर. ‘अर्ज भरला तेव्हा प्रमाणपत्र चालू होतं’ हे म्हणणं ऐकलं जात नाही. 2026-27 च्या प्रवेशाला ते 31 मार्च 2027 पर्यंत वैध असावं लागतं. 31 मार्च 2026 ला संपणारं प्रमाणपत्र त्या वर्षी निरुपयोगी. प्रमाणपत्र नसेल तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो, आणि ज्याचे गुण 50 टक्क्यांच्या खाली आहेत तो तिथे थेट अपात्र ठरतो. प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जाच्या पावतीवर प्रवेशाचा अर्ज स्वीकारला गेला तरी मूळ प्रमाणपत्र ठरल्या तारखेला लागतंच.

इथे आणखी एक गोंधळ होतो. नॉन-क्रीमीलेयरसाठी उमेदवाराच्या आई-वडिलांची स्थिती पाहतात. उमेदवाराचा स्वतःचा किंवा जोडीदाराचा पगार त्यात येत नाही. आई-वडिलांचंही पगाराचं व शेतीचं उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेत मिळवत नाहीत, मात्र त्यांचं पद कोणत्या वर्गाचं होतं ते तपासतात. तरीही शिक्षक असल्याचं ऐकून ‘तुम्हाला मिळणार नाही’ म्हणत खिडकीवरून परत पाठवलं जातं. वाद घालू नका, लेखी नकार मागा. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचं गणित मात्र उलटं आहे: तिथे पगार, शेती, जोडीदाराचं उत्पन्न, सगळं धरतात. नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर आठ लाख सहज ओलांडले जातात.

माहेर सांगली जिल्ह्यातलं जत आणि सासर सातारा जिल्ह्यातलं कराड असलेल्या शिक्षिकेला जातीचा दाखला वडिलांच्या वास्तव्यावरून जतच्या प्रांत कार्यालयाकडून मिळतो, आणि पडताळणी सांगलीच्या समितीकडे होते. साताऱ्यात हेलपाटे घालून उपयोग नाही. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुना महसुली उतारा आजच शोधायला घ्या. अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहा. बी.एड.ची गुणपत्रिका सासरच्या नावावर असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. ‘शितल’ आणि ‘शीतल’ हा एका वेलांटीचा फरकही अर्ज परत यायला पुरतो.

कॅपचा अर्ज भरल्यावर ई-पडताळणी होते. त्रुटी निघाली तर अर्ज तुमच्या लॉगिनमध्ये परत येतो. दुरुस्ती करून पुन्हा सादर केल्याशिवाय तो कुणाकडेच जात नाही. मोबाईलवर संदेश आला नाही ही सबब चालत नाही, म्हणून लॉगिन रोज बघा. त्यानंतर महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरून ते निश्चित करा. भरले पण निश्चित केले नाहीत तर भरले नाहीत असंच धरतात.

पसंती देण्याआधी एनसीटीईची मान्यता तपासा. बी.एड.ची मान्यता असलेल्या महाविद्यालयाकडे एम.एड.ची असेलच असं नाही. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात, तेव्हा विद्यापीठाच्या संलग्नतेच्या यादीतही नाव बघून घ्या. आणि एम.ए. शिक्षणशास्त्र म्हणजे एम.एड. नव्हे. शुल्काची पावती फाडण्याआधी तिच्यावर अभ्यासक्रमाचं नाव काय छापलंय ते वाचा.