निसर्ग-छायाचित्रणाच्या सहलीला निघण्यापूर्वी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याबरोबर इंदूरच्या आसपास महेश्वर, मांडू, जाम दरवाजा किंवा पाताळपाण्याचा धबधबा येथे छायाचित्रणासाठी येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हे पत्रक निघण्याच्या निदान आठवडाभर आधी पडावे, अशी आमची इच्छा असते. कारण यात सांगितलेली बरीचशी कामे घरी दिव्याच्या उजेडात बसून करायची आहेत, आणि पहाटे नदीकाठच्या अंधारात ती धड होत नाहीत. आमचा गट आठ जणांपेक्षा मोठा नसतो आणि सोबत दोन मार्गदर्शक असतात. इंदूरच्या मराठी घरांतून येणारी मंडळी आमच्याकडे अधिक असल्याने सगळे समजावणे मराठीतून होते. मात्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे शब्द दिसतात तेच आम्ही वापरतो, म्हणजे समोरच्या बटणाशी त्यांचा मेळ लगेच बसतो.

पहिली विनंती अशी की, सहल ठरली म्हणून नवा कॅमेरा किंवा नवी लेन्स विकत घेऊ नये. आपल्याकडे जो कॅमेरा आहे आणि ज्याची बटणे आपल्या बोटांना न बघता सापडतात, तोच घेऊन यावा. नवे यंत्र हाती आले की पहिले दोन-तीन दिवस लक्ष यंत्राकडेच राहते, समोरच्या उजेडाकडे जात नाही, हे आम्ही अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. एखादी रुंद कोनाची लेन्स वापरून पाहायची असेल, तर ती आमच्याकडून भाड्याने घ्यावी आणि सहलीच्या चार दिवस आधी न्यावी. आदल्या संध्याकाळी नेऊन उपयोग होत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील, तर ते ट्रायपॉडवर करावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहाटेच्या मंद उजेडात शटर अर्धा किंवा एक सेकंद उघडे राहते, आणि तेवढा वेळ कॅमेरा हातात स्थिर धरणे कोणालाही शक्य नसते. ट्रायपॉड उभा करताना जाड पाय आधी उघडावेत, बारीक पाय गरज पडली तरच. मधला दांडा शक्यतो वर काढू नये, कारण तो वर गेला की तीन पायांचा आधार एका काठीवर येतो. वारा असेल तर मधल्या दांड्याखालच्या हुकाला पिशवी अडकवावी, पण ती लोंबकळत ठेवू नये. जमिनीला जेमतेम टेकलेली असावी. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्याने फडफडतो आणि त्याचाही धक्का पोचतो, म्हणून तो काढून ठेवावा. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे. लेन्समध्ये हादरे कमी करणारी यंत्रणा असेल, तर ट्रायपॉडवर ती बंद करावी. काही जुन्या लेन्समध्ये कॅमेरा स्थिर असताना हीच यंत्रणा फोटो किंचित हलवते. नर्मदेच्या वाळूत ट्रायपॉड रोवला असेल, तर घरी आल्यावर त्याचे पाय पूर्ण उघडून साध्या पाण्याने धुवावेत आणि उघडेच सुकू द्यावेत. ती वाळू मैद्यासारखी बारीक असते. सांध्यांत राहिली की महिन्याभरात पाय फिरवताना करकर ऐकू येऊ लागते.

मांडूसारख्या ठिकाणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंच्या आवारात ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे जहाज महाल आणि राणी रूपमतीचा मंडप येथे आपण हातात कॅमेरा धरूनच काम करतो, आणि ट्रायपॉड बाहेरच्या मोकळ्या जागी वापरतो. हातात धरताना शटरचा वेग लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये, हा जुना हिशेब अजूनही उपयोगी आहे: ५० मिलिमीटरला निदान १/५० सेकंद, २०० मिलिमीटरला १/२००.

फिल्टरांपैकी पोलरायझर एवढा एकच आम्ही सर्वांना सुचवतो. ओल्या खडकांवरची आणि पानांवरची चकाकी तो काढतो, आणि हे काम नंतर संगणकावर नीट करता येत नाही. सूर्यापासून काटकोनात पाहताना त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो, सूर्याच्या समोर किंवा पाठीशी जवळजवळ होतच नाही. तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे), हे विसरू नये. फार रुंद लेन्सवर लावला, तर आकाशाचा एक पट्टा गडद आणि दोन्ही बाजू फिक्या येतात. धबधब्यासाठी सहा स्टॉपचा गडद फिल्टर ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावा. तो उजेड ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/१५ सेकंदाचे शटर सुमारे चार सेकंदांवर जाते. पण पाताळपाण्याला चार सेकंद बहुधा जास्तच होतात. पाव ते एक सेकंदात पाण्याच्या धारा वेगवेगळ्या दिसतात आणि कोसळण्याचा जोर कळतो. त्याहून अधिक वेळ दिला की सगळ्याचा पिंजलेला कापूस होतो.

आता जागांविषयी. महेश्वरचे घाट नर्मदेच्या उत्तर काठावर आहेत आणि त्यांचे तोंड दक्षिणेला आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर कोणत्या महिन्यात काय मिळेल, हे घरबसल्या ठरवता येते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेकडून, म्हणजे घाटावर नदीकडे तोंड करून उभे राहिले असता डाव्या हाताला, पाण्याच्या अंगाने उगवतो. त्याचा तिरका उजेड पायऱ्यांवर, किल्ल्याच्या भिंतीवर आणि छत्र्यांच्या (स्मारक-वास्तूंच्या) नक्षीवर पडतो आणि दगडाची प्रत्येक खाच उठून दिसते. मे-जूनमध्ये तोच सूर्य ईशान्येला, गावाच्या मागून वर येतो, तेव्हा घाट बराच वेळ सावलीत राहतो. म्हणून आमच्या महेश्वरच्या सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात असतात. उन्हाळ्यात काढा, असा आग्रह काही जण धरतात, त्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. थंडीत इंदूरकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सव्वासहाला घाटावर ट्रायपॉड उभा असणे आवश्यक आहे. इंदूरहून तिथवर सुमारे ९० किलोमीटरची वाट आहे आणि मध्ये विंध्याचा घाट उतरावा लागतो, म्हणूनच आपण आदल्या रात्री तिथे मुक्कामाला जातो. नदीच्या मधोमध असलेले बाणेश्वराचे मंदिर सूर्योदयापूर्वीच्या निळसर उजेडात सर्वांत सुंदर दिसते, आणि तो उजेड वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही.

इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या वेळी माळव्याच्या पठाराचे उंचसखलपण फोटोत उतरतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ढगांतून येणारा मऊ उजेड दिवसभर चालतो, आणि जाम दरवाजाहून किंवा रूपमतीच्या मंडपाजवळून खाली निमाडाकडे पाहिले की ढग पायांच्या खाली सरकताना दिसतात. मांडूची जाडजूड बुंध्याची गोरखचिंच हिवाळ्यात पाने गाळते, तेव्हा तिच्या फांद्यांची रेखाकृती काढावी. पावसाळ्यात ती हिरवीगार असली, तरी आकार हरवतो.

मांडूची एक हकीगत इथे सविस्तर सांगणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण ती चूक आमची होती. सहली सुरू केल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आम्ही गटाला घेऊन रूपमतीच्या मंडपाच्या पायथ्याशी पोचलो, तेव्हा दरीतून ढग वर येत होते. गाडीत दोन तास एसी चालू होता आणि सर्वांचे कॅमेरे पिशव्यांतून काढून मांडीवर घेतलेले होते, कारण वाटेत तसे करायला आम्हीच सांगितले होते, उतरल्यावर वेळ जाऊ नये म्हणून. बाहेरच्या दमट हवेत पाऊल टाकताच लेन्सच्या काचेवर मधोमध एक धूसर वर्तुळ उमटले, ते कडेपर्यंत पसरले, आणि मग त्याचे बारीक थेंब झाले. पुसले की दोन श्वासांत पुन्हा धुरकट. काच थंड होती आणि हवेतली वाफ तिच्यावर जमत होती. रुमालाचा काहीच उपाय नव्हता. काच बाहेरच्या हवेइतकी कोमट व्हायला वीस-बावीस मिनिटे लागली, आणि तेवढ्यात ढग मंडप ओलांडून गेले होते. तेव्हापासून पावसाळ्यातल्या सहलीत शेवटचा अर्धा तास गाडीचा एसी बंद असतो, काचा उघड्या असतात आणि कॅमेरे चेन लावलेल्या पिशवीतच राहतात. थोडे उकडते, पण याला आम्ही अपवाद करत नाही. घरी परतल्यावरही कॅमेरा लगेच एसीच्या खोलीत उघडा ठेवू नये, आणि पावसाळ्याचे महिने लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. डब्यात आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र ठेवले तर उत्तम. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. साठच्या वर तो फार दिवस राहिला, तर काचेवर बुरशी धरण्याची भीती असते.

ग्राहकांकडून वारंवार होणाऱ्या चुकांपैकी दोन अशा आहेत की, त्या जागेवर लक्षातच येत नाहीत. पहिली आयएसओची, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा त्या आकड्याची. रात्री घाटावरचे दिवे टिपताना आयएसओ ३२०० केलेला असतो, आणि पहाटे त्याच आकड्यावर काम सुरू होते. लहान पडद्यावर फोटो छान दिसतो, घरी मोठा केल्यावर आकाशात रवाळ ठिपके दिसतात. यावर आमचा नियम असा की, रात्री कॅमेरा पिशवीत जाण्यापूर्वी आयएसओ १००, अपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके ते लहान) एफ/८ आणि टायमर बंद, एवढे करूनच झोपायला जायचे. दुसरी चूक फोकसची. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहते, म्हणून लांबच्या दिव्यावर हाताने फोकस करावा आणि पडद्यावर तो भाग दहापट मोठा करून पाहावा. जवळची पायरी आणि पैलतीर दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर लेन्सला एफ/११ ठेवून साधारण १.८ मीटरवर फोकस करावा. त्यात सुमारे ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. अधिक स्पष्टतेच्या हौसेने एफ/२२ वर जाऊ नये, कारण इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि फोटो सगळीकडेच किंचित मऊ होतो.

फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात काढावेत आणि उजेड तपासण्यासाठी हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) पाहण्याची सवय करावी. पहाटेच्या अंधारात पडदा खऱ्याहून उजळ भासतो. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, तेही आधीचे फोटो दोन ठिकाणी उतरवल्याची खात्री झाल्यावर. बॅटऱ्या दोन असाव्यात.

पाताळपाण्याविषयी एक अट आहे आणि ती मान्य नसल्यास आम्ही त्या सहलीसाठी नाव नोंदवत नाही. वरच्या भागात पाऊस झाला की, इथे ऊन असतानाही चोरल नदीला अचानक लोंढा येतो. २०११ च्या जुलैमध्ये असाच लोंढा येऊन माणसे वाहून गेली. त्यामुळे प्रवाहात उतरणे, मधल्या खडकांवर ट्रायपॉड लावणे आणि कड्याच्या टोकाशी जाणे, तिन्ही गोष्टींना पूर्ण मनाई आहे, मग पाणी घोट्याएवढे का असेना. मार्गदर्शकाने मागे फिरा म्हटले की, शटर उघडे असले तरी निघायचे. सामान तिथेच राहिले, तर त्याची जबाबदारी आमची.

याच इंदुरात बांधकाम खात्यात आराखडे काढणाऱ्या लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाला सुरुवात केली आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा आश्रय त्यांना लाभला. त्या काळी काचेच्या पट्टीवर एक फोटो घ्यायचा, तर आधी जागा, उजेड आणि चौकट मनात पक्की करावी लागे, कारण काच जड होती, महाग होती आणि सोबत मोजक्याच नेता येत. आपल्या कार्डावर हजार फोटो मावतात, म्हणून आम्ही सहलीतल्या एका सकाळी मुद्दाम प्रत्येकाला बाराच फोटो काढू देतो. सुरुवातीला याचा राग येतो; पण याच बारांत चुकीचे कारण नेमके सापडते, कारण प्रत्येक वेळी आपण काय ठरवले होते ते आठवत असते.

ही कारणे लिहून ठेवण्यासाठी सहलीच्या शुल्कातच एक पातळ वही दिली जाते. तिच्यात सुंदर फोटोंची नोंद करायची नाही. जो बिघडला त्याची जागा, वेळ, आकडे, काय हवे होते, काय आले आणि का, एवढेच लिहायचे. गेल्या हिवाळ्यात आलेल्या एका काकूंच्या वहीतली नोंद त्यांच्या परवानगीने देत आहोत: ‘महेश्वर, सकाळी ६:४०. पायऱ्या स्पष्ट, नावा पुसट. आयएसओ १००, शटर १/८. ट्रायपॉड पक्का होता, पण नावा पाण्यावर डुलत होत्या. आयएसओ ८०० केला असता, तर शटर १/६० मिळाले असते. रवा चालला असता, पुसट नाव चालत नाही.’ शेवटचे वाक्य आम्ही त्यांना शिकवलेले नव्हते.

सहलीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या जागेत गटाची बैठक असते. तिला येताना आपले बिघडलेले तीन फोटो, संगणकावर काहीही न सुधारता, आहेत तसे पेन ड्राइव्हवर आणावेत आणि सोबत वही आणावी. आम्हीही आमचे तीन आणतो. चांगले फोटो पाहण्यासाठी त्या दिवशी वेळ नसतो. ते पाठवायचे असल्यास पावतीच्या मागे दिलेल्या क्रमांकावर पाठवावेत, आम्ही प्रत्येकाला लेखी उत्तर देतो.