वृद्धाश्रमातली सेवा कशी तपासायची? कोकणातल्या एका रेंगाळलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मुलगा मुंबईत, सून-नातवंडं गावी आणि महिन्याची मनिऑर्डर, या व्यवस्थेत कोकणातली म्हातारपणं घरातच निभावली जात. पुढे कुटुंबंच मुंबई, वसई-विरार, डोंबिवलीकडे गेली. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली, सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर. 2011 मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. कुलूपबंद घरं आणि एकट्या राहिलेल्या आया-आज्या या आकड्यांच्या आत आहेत, आणि वृद्धाश्रमाची गरजही तिथूनच आली.

वृद्धाश्रम चालवणाऱ्या बहुतेक संस्था धर्मादाय विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या असतात. त्यांना लागू होणारा कायदा 1950 चा. तो विश्वस्त, मालमत्ता आणि हिशेब पाहतो. 1992 पासून केंद्राच्या योजनेतून अनुदान मिळू लागलं, त्यात किमान 25 निराधार वृद्धांच्या निवासाला मदत होती. मग तपासणीला आणखी कागद जोडले गेले: हजेरीपट, पावत्या, खोल्यांची संख्या. पाहणी म्हणजे इमारत आणि हिशेब ही सवय इथेच लागली. देणगीदार आणि नातेवाईकही त्याच नजरेने बघू लागले. अंगण स्वच्छ आहे, जेवण वेळेवर मिळतं, संध्याकाळी भजन होतं. हे सगळं हवंच. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस रात्री कोणी बदलली, हे त्यातून कळत नाही.

खरा गुंता आहे तो 1949 च्या कायद्यात. मुंबई राज्याने त्या वर्षी नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला. आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना दाखल करून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा जिथे होते ती जागा, अशी त्यातली व्याख्या. प्रसूतिगृहंही त्यात आली. 1927 च्या इंग्लंडमधल्या कायद्याचीच घडण इथे दिसते, मात्र त्यात शुश्रूषेवर भर होता, इथे उपचारही जोडला गेला. हा फरक कोकणातल्या संस्थांना फार मोलाचा ठरतो. संस्थाचालकांचं म्हणणं असं: आम्ही उपचार करत नाही, डॉक्टर बाहेरून येतात, आम्ही फक्त सांभाळतो, म्हणून ही नोंदणी आम्हाला लागू नाही. त्यांची अडचण खोटी नाही. या कायद्याखाली पात्र डॉक्टर किंवा परिचारिकेची देखरेख लागते. तालुक्याच्या गावीही प्रशिक्षित नर्स टिकत नाही, तर आडगावातल्या आश्रमाने ती आणायची कुठून? नियम कडक केले तर आश्रम बंद पडतील आणि म्हातारी माणसं पुन्हा रिकाम्या घरात जातील, ही भीतीही रास्त आहे.

तरीही मला हा युक्तिवाद पुरता पटत नाही. नाकात नळी, लघवीची पिशवी, मधुमेहामुळे चिघळलेला पाय, पक्षाघाताने गेलेली बाजू अशी माणसं ज्या खोलीत आहेत, तिथे उपचार आणि सांभाळ यांत रेघ मारता येत नाही. नळी बदलणारे हात कोणाचे, हे विचारण्याचा अधिकार आरोग्य खात्याला असायलाच हवा. कित्येक आश्रमांनी यावर एक वाट काढली: स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश. पण आत येताना चालणारा माणूस चार-पाच वर्षांनी पडतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि तो तिथेच असतो. घरी न्या असं कळवायचं, तर त्या घराला कुलूप.

2007 च्या कायद्याने वयोवृद्धांना निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. महाराष्ट्रात तो 2009 पासून लागू आहे आणि दाद प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे मागता येते. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, 150 निराधारांचं वृद्धाश्रम उभारण्याची मुभाही त्यात आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या जिल्ह्यात असं एक ठिकाण कोणाला जवळ पडणार? केंद्राच्या नमुना नियमांत माणशी 7.5 चौरस मीटर निजण्याची जागा सांगितली आहे. ते माप फितीने घेता येतं, रात्रपाळीचं तसं नाही.

डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हावार वृद्धाश्रमांची आणि तिथल्या वैद्यकीय सोयींची माहिती गोळा करायला सांगितलं. वर्षभराने लोकसभेत 2007 च्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक आलं. वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि सेवेचे किमान निकष, दोन्ही त्यात होतं. 1949 पासून रेंगाळलेला प्रश्न त्याने सुटला असता. ते मंजूर झालंच नाही, आणि 2024 मध्ये लोकसभेबरोबर बाद झालं.

दरम्यान जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. वीज नाही, रस्ता नाही, तेव्हा उठता न येणाऱ्याला वरच्या मजल्यावर कोण नेणार, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या पाहणीत आता टाळता येत नाही.

सेवेचे निकष कायद्यात येईपर्यंत तपासायचं ते नातेवाइकांनीच. बहुतेक जण गणपतीला किंवा शिमग्याला येतात. तेव्हा आश्रम आवरलेला असतो, पण टाचा आणि माकडहाडावरची कातडी आवरता येत नाही. एकाच कुशीवर पडून राहिल्याची लाली किंवा जखम तिथे आहे का ते बघावं. दरमहा वजनाची नोंद मागावी. कोण कधी पडलं याची वही आहे का, रात्री किती माणसांमागे किती मावशी असतात, पेज भरवायला बसायला त्यांना वेळ मिळतो का, हे विचारावं. वही दाखवायला खळखळ झाली, तर तीही नोंदवून ठेवावी.