शिळी पोळी वाळलेली नसते

रात्री उरलेल्या पोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या, तरी सकाळी त्या ताठ झालेल्या असतात. ‘वाळल्या’ असं आपण सहज म्हणून टाकतो. पण झाकण नीट बसलेला तोच डबा रात्री आणि सकाळी वजनकाट्यावर ठेवला, तर वजनात सांगण्यासारखा फरक पडत नाही. पाणी कुठे गेलेलंच नसतं. मग पोळीचा मऊपणा गेला कुठे?

फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ ब्युसँगो यांनी १८५२ मध्ये पावाच्या बाबतीत हाच प्रश्न सोडवायला घेतला. त्यांनी पाव हवाबंद ठेवला. पाणी बाहेर जायला वाटच नव्हती, तरी पाव शिळा झाला. तोच पाव पुन्हा तापवला, तर मऊ झाला! म्हणजे शिळेपण पाण्याच्या जाण्यात नव्हतं, पावाच्या आतच काहीतरी घडत होतं. ते नेमकं काय, हे कळायला क्ष-किरणांचं तंत्र यावं लागलं. १९२०च्या दशकात कात्झ या डच शास्त्रज्ञांनी ताज्या आणि शिळ्या पावाची क्ष-किरणांनी तपासणी केली. ताज्या पावात जवळजवळ नसलेली स्टार्चची स्फटिकरचना शिळ्या पावात उमटलेली दिसली.

तांदूळ, गहू, ज्वारी, बटाटा या सगळ्यांचा मुख्य ऐवज स्टार्च. ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून त्याच्या साखळ्या होतात. त्यातलं अमायलोज जवळपास सरळ असतं आणि अमायलोपेक्टिनला भरपूर फांद्या असतात. कच्च्या दाण्यात या साखळ्या सूक्ष्म कणांमध्ये घट्ट रचलेल्या असतात. पाण्यासोबत तापवलं की साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे कण पाणी पिऊन फुगतात, रचना विस्कटते आणि काही अमायलोज कणाबाहेर झिरपतं. भात शिजतो म्हणजे हेच होतं. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लूटेन (कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन) नसतं, म्हणून भाकरीचं पीठ कढत पाण्यात मळतात. थोडा स्टार्च तिथेच शिजतो आणि त्याच्या चिकटपणावर भाकरी थापता येते.

खरी गंमत भात निवायला लागल्यावर सुरू होते. उष्णतेने मोकळ्या झालेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ येतात, दोन-दोन मिळून पीळ घेतात आणि हे पीळ ओळीने रचले जाऊन नवे स्फटिक तयार होतात. या क्रियेला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. सरळ अमायलोजला यासाठी काही तास पुरतात. फांद्यांमुळे अडखळणारं अमायलोपेक्टिन मात्र कित्येक दिवस हळूहळू रचलं जात राहतं. या नव्या स्फटिकाच्या एका एककात ग्लुकोजचे १२ घटक असतात आणि पाण्याचे तब्बल ३६ रेणू अडकलेले असतात. पोळीत पाणी असूनही ती जिभेला कोरडी लागते, याचं एक मोठं कारण हे आहे.

आता जरा किचकट भाग, पण तो सोडून पुढे जाववत नाही. स्फटिक होण्याचे दोन टप्पे असतात. आधी बीजकण, म्हणजे स्फटिकाची इवलीशी सुरुवात, तयार व्हायला हवेत, मग ते वाढायला हवेत. बीजकण थंडीत भराभर तयार होतात. वाढीसाठी मात्र साखळ्यांना हालचाल करता यायला हवी आणि त्यासाठी ऊब लागते. फार ऊब असेल तर बीजकण होत नाहीत, फार थंडी असेल तर साखळ्या जागच्या जागी थिजतात. दोन्हींचा मेळ सर्वांत चांगला बसतो तो शून्याच्या थोडं वर, चार-पाच अंशांच्या आसपास, म्हणजे नेमका फ्रिजमध्ये! म्हणून पाव आणि पोळ्या बाहेरच्यापेक्षा फ्रिजमध्ये लवकर शिळ्या होतात. फ्रीझरमध्ये साखळ्या थिजलेल्या असल्याने त्या मानाने ताज्या राहतात. पोळ्या जास्त उरल्या तर पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकाव्यात आणि काढल्या की लगेच तव्यावर घ्याव्यात.

तापवल्यावर हे स्फटिक वितळतात का? अमायलोपेक्टिनचे ५०-६० अंशांच्या आसपास वितळतात, म्हणूनच पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की शिळी पोळी मऊ होते. अमायलोजचे स्फटिक मात्र हट्टी. त्यांना १२० अंशांच्याही बऱ्यापैकी वर जावं लागतं आणि प्रेशर कुकर फार तर १२० अंशांपर्यंत पोचतो. घरच्या स्वयंपाकात ते टिकूनच राहतात.

फोडणीच्या भाताचं सगळं रहस्य या दोन आकड्यांत आहे. ताजा भात कढईत टाकला तर बाहेर झिरपलेल्या स्टार्चमुळे शितं एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. रात्रभर गार राहिलेल्या भाताची शितं घट्ट झालेली असतात. मोहरी, हिंग, हळद, कांदा, मिरचीच्या फोडणीत तो परतून एक वाफ काढली की शिताच्या आतलं अमायलोपेक्टिन पुन्हा मऊ होतं आणि अमायलोजचा सांगाडा जागच्या जागी राहतो. शीत मऊ, पण सुटं! फोडणीच्या पोळीचंही तसंच. ताजी पोळी कुस्करली तर लगदा होतो, शिळीचा रवाळ चुरा पडतो आणि तो तेल-मसाला सगळीकडून धरतो. उरलंसुरलं खपवायची सोय म्हणून आपण हे पदार्थ करतो, पण ताज्या अन्नाचे ते इतके चांगले होतच नाहीत.

‘भात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून खाल्ला की साखर वाढत नाही, मधुमेह्यांनी बिनधास्त खावा’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश याच विज्ञानाचं एक टोक पकडून लिहिलेला आहे. अमायलोजचे स्फटिक लहान आतड्यात सहज पचत नाहीत, हे खरं आहे. अशा स्टार्चला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. पण त्याचं प्रमाण बघा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडोनेशियातल्या एका अभ्यासात १०० ग्रॅम ताज्या भातात तो ०.६४ ग्रॅम होता. २४ तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. तो भात खाल्ल्यावर १५ निरोगी माणसांच्या रक्तातली साखर ताज्या भातापेक्षा कमी वाढली, हेही त्यात दिसलं. पण १०० ग्रॅम भातात कर्बोदकं साधारण २८ ग्रॅम असतात, म्हणजे बहुतेक सगळा स्टार्च पचून ग्लुकोजच होतो. एवढ्या आधारावर मधुमेही माणसाला पोटभर भात वाढणं धोक्याचं आहे.

दुसरीकडे, ग्रहण आलं की शिजवलेलं अन्न टाकून देणारी घरं आजही आहेत. चंद्राची सावली पृथ्वीवर पडली किंवा पृथ्वीची चंद्रावर, त्याने भाताला काहीही होत नाही आणि अन्न मात्र वाया जातं. भात बिघडतो तो वेळेने आणि तापमानाने. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची चिवट सुप्त रूपं, तांदळासोबत येतात आणि पाणी उकळलं तरी मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते रुजून वाढतात आणि सेरुलाइड नावाचं विष तयार करू शकतात. ते पोटात गेलं की एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. हे विष १२१ अंशांना दीड तास तापवलं तरी टिकतं, त्यामुळे कितीही चरचरीत फोडणी दिली तरी उपयोग नाही. उरलेला भात कुकरमध्येच न ठेवता ताटात पसरून निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा.