महायुद्धात कामी आलेल्या पूर्वजाचे नाव अधिकृत नोंदीत कसे शोधावे, आणि नसल्यास अर्ज कसा करावा

महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी संगमरवरी पाटी आढळते. १९१४ ते १९१९ या काळात या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. आकडा असतो, नावे नसतात. घरात मात्र त्या आकड्यातील एखादे नाव शंभर वर्षांनंतरही टिकून असते. अशा जवानाची जागतिक नोंद शोधण्याची, त्यातील चूक दुरुस्त करून घेण्याची आणि नोंदच नसेल तर ती व्हावी यासाठी अर्ज करण्याची सोय आहे. ती आपल्याकडे फारशी ठाऊक नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

हे काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था करते. तिची स्थापना १९१७ साली झाली असून दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांची स्मृती ती जपते. हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद न करता प्रत्येक मृताचे स्मरण नावानिशी व्हावे, हे तिचे मूळ तत्त्व आहे. भारतीय शिपायांच्या बाबतीत ते पाळले गेले नाही. इराकमधील बसरा येथील स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण भारतीय शिपायांची पलटणीनुसार केवळ संख्या कोरण्यात आली. २०२१ साली आयोगाने स्वतःच्या अहवालात अशा असमान वागणुकीची कबुली दिली. त्यामुळे आज आपण नावासाठी अर्ज करतो, तेव्हा मेहेरबानी मागत नसून राहून गेलेले काम पूर्ण करायला सांगत असतो, अशी माझी धारणा आहे.

पात्रतेची पहिली अट मृत्यूच्या तारखेची आहे. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा कालावधी धरला जातो. या काळात सैन्यसेवेत असताना मृत्यू आला असेल, तर तो रणांगणावरच आलेला असावा अशी अट नाही. रजेवर घरी आलेला आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत दगावलेला शिपाईही पात्र ठरतो. सेवेतून मुक्त झाल्यावर मृत्यू आला असेल, तर तो याच कालावधीतील असावा लागतो, आणि सेवेत झालेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या जखमेने अथवा आजाराने तो आला हे दाखवावे लागते. स्वातंत्र्योत्तर युद्धांतील हुतात्मे या आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर आहेत.

अर्ज करण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावरील मृतांची सूची नीट तपासावी, कारण पुष्कळदा नाव असते, पण ते आपल्याला ओळखू येत नाही. इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले, त्यामुळे शिंदे, घाडगे, साळुंखे ही आडनावे रोमन लिपीत चार-चार प्रकारांनी सापडतात, आणि काही ठिकाणी आडनावच नसते. अशा वेळी आडनावाचा हट्ट सोडून पलटण, मृत्यूचे वर्ष, वडिलांचे नाव आणि जिल्हा यांवरून शोध घ्यावा. पलटणींचे क्रमांक १९२२ साली बदलले हेही ध्यानात ठेवावे. उदाहरणार्थ, पहिल्या महायुद्धात इराकमधील कुतच्या वेढ्यात सापडलेली ११० वी मराठा पलटण पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी ज्ञात नाही; नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. म्हणून समाधी सापडली नाही, एवढ्यावरून नोंदच नाही असा निष्कर्ष काढू नये.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा असतो सेवेचा पुरावा. घरात जुने रुपेरी पदक असेल तर ते घासून लख्ख करण्याआधी भिंगाखाली धरून त्याची कडा पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, आणि एवढ्या चार गोष्टींवर पुढचा सारा शोध उभा राहतो. मृताच्या घरी आलेल्या, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाच्या काशाच्या गोल फलकावर मात्र फक्त नाव असते, पलटण नसते, त्यामुळे तो एकटा पुरेसा ठरत नाही. पेन्शनचे कागद, डिस्चार्जचा दाखला, पलटणीतून आलेले पत्र यांपैकी जे असेल ते जोडावे.

मृत्यू गावी झाला असल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुकातील मृत्यूच्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल मागवावी, आणि मृत्यूचे कारण लिहिलेले असेल तर तो भाग अवश्य घ्यावा. नोंद मोडी लिपीत असल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे व सोबत इंग्रजी भाषांतर जोडावे. मूळ कागद किंवा पदक कोणालाही पाठवू नये. स्पष्ट छायाप्रती द्याव्यात.

नाव सूचीत असून स्पेलिंग, वय किंवा वडिलांचे नाव चुकले असेल, तर पुराव्यासह दुरुस्तीची विनंती करावी. नाव मुळीच नसेल, तर जवानाचे पूर्ण नाव, सेवा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख व ठिकाण आणि दफन किंवा दहन कोठे झाले याची माहिती देऊन प्रकरण आयोगाकडे सादर करावे. पुरावा पुरेसा वाटल्यास आयोग ते संबंधित देशाच्या सक्षम अधिकाऱ्यांपुढे निर्णयासाठी ठेवतो. यात बराच काळ जाऊ शकतो, म्हणून पत्रव्यवहाराची प्रत्येक प्रत तारीखवार ठेवावी आणि घरातील एखाद्या तरुण व्यक्तीलाही हे प्रकरण समजावून ठेवावे. मान्यता मिळाल्यावर, समाधी ज्ञात असल्यास तिच्यावर खूण केली जाते, आणि नसल्यास नाव एखाद्या स्मारकावर नोंदवले जाते.