१८०३ची आग वेगळी, तट पाडले ते वेगळं

मुंबईच्या फोर्टबद्दल, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहराबद्दल (यालाच कोट म्हणत), एक गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर दर पावसाळ्यात उगवते: कोटाला आग लागली, सगळं जळालं, मग इंग्रजांनी तट पाडून शहर मोकळं केलं. हेरिटेज वॉक घेणारेसुद्धा हेच ठोकून देतात, तेव्हा डोकं फिरतं. मधली साठ वर्षं गेली कुठे?

तट पाडल्याची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात सांगतो. १८६२मध्ये बार्टल फ्रियर गव्हर्नर झाला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईत पैसा खेळत होता आणि तटांची नुसती अडचण होत होती. ते पाडले. हायकोर्ट, विद्यापीठ वगैरेंच्या इमारती त्यानंतरच्या. चर्चगेटचा दरवाजा गेला, नाव राहिलं.

आग लागली १७ फेब्रुवारी १८०३ला, कोटाच्या आतल्या बाजारात. दाटीवाटीची घरं, त्यात वारा सुटलेला. तटाच्या आतलं जवळजवळ एक तृतीयांश शहर खाक झालं. कोटाच्या आतल्या किल्ल्यात (बॉम्बे कॅसल) दारूगोळा होता, तिथवर ज्वाळा पोचल्या असत्या तर काही उरलंच नसतं. म्हणून सरकारने तोफा लावून आगीच्या वाटेवरची घरं जमीनदोस्त केली. म्हणजे पाडापाडी झाली, पण ती घरांची. बहुधा घोटाळ्याचं मूळ इथेच असावं.

तटाला मात्र कुणी हात लावला नाही, आणि लावणार तरी कसा? साल बघा. वसईचा तह नुकताच झालेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्रज-मराठे दुसरं युद्ध पेटलं. फ्रेंचांची धास्ती होतीच. अशा वेळी कंपनी आपल्या हाताने आपलाच तट पाडेल, हे पटतं तरी कसं? उलट तटावरच्या तोफांना समोर मोकळं मैदान हवं होतं, म्हणून आगीनंतर कोटाबाहेर पडलेल्या लोकांना तटाला लागून घरं बांधता येईनात. मैदान ओलांडून पलीकडे, काळबादेवी-भुलेश्वरच्या बाजूला वस्ती वाढली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हे त्याच मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे. फोर्टातून उत्तरेकडे जाताना मध्येच एवढी मैदानं का लागतात, त्याचं उत्तर हे.

आणि सगळे बाहेर गेले असंही नाही. पैसेवाल्या व्यापाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी कोटाच्या उत्तर भागातच पुन्हा घरं बांधली. बाजारगेटची जुनी पारशी वस्ती कुठे हलली नाही. ‘आगीनंतर देशी लोकांना हाकललं’ हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं.

काही महाभाग यात १४ एप्रिल १९४४चा स्फोटही मिसळतात. तो व्हिक्टोरिया डॉकमधला, कापूस आणि स्फोटकं एकाच बोटीत भरल्यामुळे झालेला. बोटीचं नाव ‘फोर्ट स्टिकीन’ होतं, फोर्टशी तिचा एवढाच संबंध.